दुकान दुसऱ्याचं, जाहिरात आपली

पेठेतल्या दुकानदाराने जाहिरात करायची म्हणजे काय करायचं, हे दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत ठरलेलं होतं. सकाळच्या पेपरात घालून वाटायचं हँडबिल, कर्णा लावून गावभर फिरवायची रिक्षा, लोकल केबलवर खालून सरकणारी पट्टी आणि चौकातला फ्लेक्स. आज त्याच दुकानदाराच्या खर्चाच्या वहीत ‘इन्स्टा’ नावाची एक ओळ वाढली आहे. ती ओळ सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा एजन्सीतला नसतो. दिवसा पतसंस्थेत बसणारा कारकून, हिंजवडीतला इंजिनिअर, मुलं शाळेत गेली की लॅपटॉप उघडणारी गृहिणी, लग्नसराई संपली की मोकळा होणारा फोटोग्राफर, यांच्यापैकी कोणीतरी ते काम करत असतं. नोकरी किंवा घर सांभाळून, दोन-चार दुकानांच्या जाहिराती चालवून महिन्याकाठी वरचे पैसे मिळवायचे, असा हा जोडधंदा आहे.

या धंद्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कोर्स विकणारे म्हणतात, लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की महिन्याला लाख रुपये कुठे गेले नाहीत. दुकानदार म्हणतात, पाच हजार घातले, लाईक आले, गिऱ्हाईक एक आलं नाही, पैसे पाण्यात गेले. ही दोन्ही मतं एकाच गैरसमजातून येतात. जाहिरात ‘लावणं’ हेच काम आहे, असं दोघांनीही धरलेलं असतं. प्रत्यक्षात लावण्याचा भाग दर वर्षी सोपा आणि स्वस्त होत चालला आहे. पैसे मिळतात ते जाहिरातीच्या आधी धंदा समजून घेण्याचे आणि नंतर फोन उचलला जाईल हे बघण्याचे.

हे काम आलं कुठून

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइल डेटाचे दर कोसळले. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप आलं आणि दुकानाच्या नावाने, वेळापत्रक लावून बोलायची सोय झाली. पुढच्या वर्षी त्यात मालाचा कॅटलॉगही ठेवता येऊ लागला. २०२० च्या टाळेबंदीत शटर बंद असताना फोटो पाठवून माल विकायची सवय दुकानदारांना लागली. जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं आणि तालुक्याच्या गावातला प्रेक्षकसुद्धा तिकडे वळला. माल दाखवायला रील, बोलायला व्हॉट्सअ‍ॅप आणि पैसे घ्यायला यूपीआय, अशी सगळी साखळी एका फोनमध्ये जमली.

फेसबुक कंपनीने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतलं. २०२१ पासून ती स्वतःला मेटा म्हणवते आणि तिच्या उत्पन्नाचा जवळजवळ सगळा भाग जाहिरातींतून येतो. त्यामुळे या साखळीतल्या रील आणि व्हॉट्सअ‍ॅप या दोन्ही कड्या एकाच घरच्या आहेत. छोट्या गावातल्या जोडधंद्याचा मुख्य रस्ता मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजर या जाहिराती चालवायच्या साधनातून जातो, त्याचं कारण हेच.

पहिलं काम जाहिरातीचं नसतं

दुकान हातात घेतलं की आधी गूगल मॅप्सवरचं त्याचं पान बघावं. ते फुकट असतं आणि बहुतेक वेळा दुर्लक्षित असतं: जुना फोन नंबर, चुकीची वेळ, दुकानाऐवजी शेजारच्या बोळाचा फोटो. दाढ दुखणारा माणूस रील बघत बसत नाही, तो ‘जवळचा डेंटिस्ट’ शोधतो. प्लंबर, पंक्चरवाला, मेडिकल, लॅब यांची गिऱ्हाइकं गरज पडल्यावर शोधत येतात. त्यांना नकाशावर नीट दिसणं आणि चार खरे अभिप्राय मिळणं, यातून जे साधतं ते इन्स्टाच्या पाच हजारांत साधत नाही. ज्या वस्तूची आठवण करून द्यावी लागते किंवा मोह घालावा लागतो, तिला रील लागतं: साडी, केक, फराळ, हुरडा पार्टी, डान्स क्लास, मॉड्युलर किचन, कृषी पर्यटन केंद्र.

मग येतो बूस्ट बटणाचा प्रश्न. दुकानदाराने स्वतः केलेली जाहिरात बहुधा याच बटणाची असते. पोस्टखाली निळं बटण दिसलं, दाबलं, हजार रुपये गेले, चारशे लाईक आले. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये सुरुवातीलाच उद्दिष्ट निवडावं लागतं. ओळख, ट्रॅफिक, एंगेजमेंट, लीड, अ‍ॅप आणि विक्री अशी सहा उद्दिष्टं तिथे आहेत. मेटाच्या यंत्राकडे जे मागाल ते ते शोधून आणतं. एंगेजमेंट मागितली तर सवयीने लाईक ठोकणारी माणसं मिळतात. त्यांनी आयुष्यात सोफा घेतला नसला तरी यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं. फर्निचरवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा हवी असेल तर तेच मागायला हवं.

खातं कोणाच्या नावावर, हा तिसरा आणि भांडणाचा मुद्दा. पेज पुतण्याच्या मित्राने काढून दिलेलं असतं, मित्र बंगळुरूला नोकरीला गेलेला असतो आणि पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. नव्याने काम घेणाऱ्याने पेज, जाहिरात खातं आणि पैसे भरण्याची सोय ही तिन्ही दुकानदाराच्या नावावर करून द्यावीत आणि स्वतःला फक्त काम करण्यापुरता प्रवेश घ्यावा. आपल्याच खात्यातून सगळ्यांच्या जाहिराती चालवणं सोपं वाटतं. पण एका गिऱ्हाइकाच्या जाहिरातीत नियमभंग सापडून खातं बंद झालं, तर बाकीच्यांचं कामही त्याच संध्याकाळी थांबतं.

यंत्राला काय कळतं, काय कळत नाही

मेटाची जाहिरात लिलावावर चालते, पण बोलीची रक्कम एवढंच त्यात बघितलं जात नाही. समोरचा माणूस आपल्याला हवी ती कृती करण्याची शक्यता किती आणि जाहिरातीचा दर्जा कसा, हेही मोजलं जातं. म्हणून छोट्या दुकानाची चांगली जाहिरात मोठ्या शोरूमच्या कंटाळवाण्या जाहिरातीपेक्षा स्वस्तात पोचू शकते. दिवाळीच्या तोंडावर मात्र मोठे ब्रँड आणि ऑनलाइन बाजार सगळेच लिलावात उतरतात आणि दर चढतात. फराळवाल्या बाईंनी नवरात्र संपल्यावर जाहिरात सुरू करण्यापेक्षा आधीच ओळख करून ठेवलेली बरी.

यंत्र निकालांवरून शिकतं. जाहिरात सुरू झाल्यावर किंवा तिच्यात मोठा बदल केल्यावर ते नीट बसायला आठवड्यात सुमारे ५० निकाल लागतात, असं मेटा सांगते. समजा एक विचारणा ७५ रुपयांना पडते आणि दुकानदार रोज ३०० रुपये घालतो. म्हणजे दिवसाला चार, आठवड्याला २८. शिकवणी पुरी व्हायला हे कमी पडतं. अशा वेळी ‘बायकांसाठी वेगळी, पुरुषांसाठी वेगळी, तरुणांसाठी तिसरी’ असे त्या ३०० रुपयांचे तुकडे केले की एकाही तुकड्याला पुरेसं शिकायला मिळत नाही. रोज सकाळी आकडे बघून हात घालण्याची खोडही अशीच महागात पडते. तुटपुंज्या बजेटला एकच जाहिरात संच, दोन-तीन वेगवेगळे व्हिडिओ आणि आठवडाभर संयम, हेच परवडतं.

परिसराची निवड ही स्थानिक माणसाची जमेची बाजू आहे. नकाशावर पिन टाकून एक किलोमीटरपर्यंतचं वर्तुळ घेता येतं, पण वर्तुळाला रस्ता कळत नाही. नदीपलीकडची वस्ती नकाशावर दोन किलोमीटरवर असते आणि पुलावरून यायला अर्धा तास लागतो. संध्याकाळच्या क्लासला तिथून मूल कोण पाठवणार? शिवाय मेटाच्या लेखी ‘या ठिकाणचे लोक’ म्हणजे तिथे राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले, असे दोन्ही. हायवेलगतच्या गावात वर्तुळ टाकलं की पुणे-कोल्हापूर करणारे प्रवासीही त्यात येतात. मिसळवाल्याला ते हवेच असतात, शिलाई क्लासला नको असतात.

भाषेचंही तसंच. जाहिरात मराठी आहे म्हणून भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडलं, तर मुख्यतः ज्यांनी अ‍ॅपच मराठीत लावून घेतलंय ते सापडतात. घरात मराठी बोलणारी पण फोन इंग्रजीत वापरणारी असंख्य माणसं त्यातून गळतात. तो रकाना मोकळा ठेवावा आणि मराठी जाहिरातीत असावं. ‘पर्सनलाइज्ड ग्रूमिंग सोल्युशन्स’ असं लिहिलेल्या पार्लरपेक्षा ‘हळदीच्या आदल्या दिवशी घरी येऊन मेंदी’ असं सांगणाऱ्या पार्लरला फोन जास्त येतात.

एका क्लासचा हिशेब

आकडे मांडल्याशिवाय या धंद्याचं खरं रूप दिसत नाही. तालुक्याच्या गावातला एक स्पोकन इंग्लिश क्लास धरू. फी ८,००० रुपये. महिनाभराचा जाहिरात खर्च ९,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,६२०. जाहिरात सांभाळणाऱ्याचे ६,०००. एकूण १६,६२० रुपये. रोज चार याप्रमाणे महिन्यात १२० लीड (चौकशी करणाऱ्यांची नावं-नंबर) आल्या. ‘७५ रुपयांना लीड’ असं रिपोर्टमध्ये झळकतं आणि दुकानदार खूश होतो.

आता पुढचा भाग. मेटाच्या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर आधीच भरलेले असतात, माणूस नुसता अंगठा टेकवतो. नंबर कधीतरी जुनाच नोंदलेला असतो. १२० पैकी ६० जणांनी फोन उचलला, १५ जण क्लास बघायला आले, पाच जणांनी प्रवेश घेतला, असं धरू. जमा ४०,००० रुपये. एका प्रवेशाला खर्च ३,३२४ रुपये. फायदा आहे, पण ७५ रुपयांशी त्याचा संबंध नाही. आणि क्लासच्या सरांनी ‘आज गडबड आहे’ म्हणून दोन दिवसांनी फोन केले, दोनच प्रवेश झाले, तर जमा १६,००० आणि खर्च १६,६२०. जाहिरात तीच, लीड त्याच, पण महिना तोट्यात गेला.

हुशार माणूस इथे दोन गोष्टी करतो. फॉर्ममध्ये हाताने भरावा लागेल असा एक प्रश्न घालतो, उदाहरणार्थ ‘सकाळची बॅच हवी की संध्याकाळची?’ लीड कमी होतात, महाग होतात, पण फोन उचलणारी माणसं वाढतात. दुसरं म्हणजे लीड आल्याबरोबर फोन कोण करणार हे आधी ठरवून घेतो. सरांना वेळ नसेल तर त्यांच्या घरातलं कोणी, नाहीतर ठरावीक पैसे घेऊन तो स्वतः. इन्स्टावर ‘किंमत?’ असं कोणी विचारलं की ‘डीएम केला आहे’ असं उत्तर द्यायची एक पद्धत पडली आहे. गिऱ्हाईक सगळ्यांदेखत विचारतं आणि दुकानदार कानात सांगतो. निदान ‘अमुकपासून पुढे’ एवढं उघड लिहिलं तर निम्म्या रिकाम्या विचारणा वाचतात.

मोबदला कसा घ्यावा

मोबदल्याच्या चार पद्धती दिसतात. जाहिरात खर्चाच्या टक्केवारीने पैसे घ्यायची रीत मोठ्या एजन्सींकडून आली. छोट्या दुकानाला ती जमत नाही. ९,००० चे १५ टक्के म्हणजे १,३५० रुपये, त्यात व्हिडिओ काढायला जाण्याचं पेट्रोलही जेमतेम भागतं. शिवाय खर्च वाढवायचा सल्ला देणाऱ्याचा त्यातच फायदा, म्हणून दुकानदाराला संशय राहतो. लीडमागे पैसे घेतले की गार लीड ओतण्याचा मोह होतो. विक्रीमागे घ्यायचे तर गल्ला दुकानदाराच्या हातात, आणि ‘अहो, तो तर माझा जुनाच गिऱ्हाईक’ हे वाक्य ऐकायची तयारी लागते. राहिली महिन्याची ठोक रक्कम. आठवड्याला किती व्हिडिओ, किती जाहिराती, मेसेजना उत्तरं कोण देणार, एवढं कागदावर लिहून तीन महिन्यांचा करार केला तर तीच सगळ्यात कमी कटकटीची ठरते.

वेळेचं गणित मात्र कोणी सांगत नाही. एका दुकानाला शूटिंग, एडिटिंग, जाहिरात बघणं आणि मालकाचे फोन धरून आठवड्याला सहा तास लागतात असं माना. ६,००० रुपयांत तासाला साधारण २३० रुपये पडतात. तीन दुकानांत १८ तास जातात आणि १८,००० मिळतात. नोकरी सांभाळून माणसाची मर्यादा साधारण इथेच येते. या दराने महिन्याला लाख मिळवायचे तर १७ दुकानं लागतील, म्हणजे आठवड्याला १०२ तास. झोप वजा केली तर आठवड्यात उरतातच ११२. लाख मिळवणारे आहेत, पण त्यांनी माणसं ठेवली आहेत, मोठे खर्च करणारी गिऱ्हाइकं धरली आहेत, म्हणजेच नोकरी सोडून एजन्सी काढली आहे. नाहीतर ते कोर्स विकतात. कोर्समधलं बरंचसं शिक्षण मेटा स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देते. तिच्या अ‍ॅड लायब्ररीत गावातल्या कोणत्या दुकानाची कोणती जाहिरात सध्या चालू आहे, हेही कोणालाही बघता येतं. दोन आठवडे ती बघत बसणं हा चांगला वर्ग आहे.

जाहिरातीचे पैसे आणि आपली फी यांची सरमिसळ करू नये, याला व्यवहाराइतकंच करांचंही कारण आहे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची वार्षिक उलाढालीची मर्यादा महाराष्ट्रात २० लाख रुपये आहे. दुकानदारांचा जाहिरात खर्च आपल्या कार्डावरून करून सगळ्याचं एकत्र बिल फाडत गेलो, तर तो खर्चही आपली उलाढाल होऊन बसतो. त्यात दुकानदाराने ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं तर बुडतात तेही आपलेच. पैसे त्याच्याच खात्यातून जावेत. कार्डावरून परस्पर होणाऱ्या आवर्ती कपातीवर रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाल्यावर पेमेंट अडण्याचे प्रकार वाढले. म्हणून यूपीआयने आधी रक्कम भरून ठेवणं अनेकांना सोयीचं वाटतं. आपली फी, ती वरकमाई असली तरी, प्राप्तिकराच्या विवरणात दाखवावीच लागते, आणि नोकरदाराचा नेहमीचा ‘सहज’ फॉर्म त्याला चालत नाही.

नोकरदाराने आणखी एक कागद वाचावा: आपलं नियुक्तिपत्र. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं आणि ‘मूनलायटिंग’ हा शब्द घराघरात पोचला. केकवाल्याची जाहिरात चालवणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं काम नव्हे. तरीही कित्येक करारांत दुसरं कुठलंही सशुल्क काम परवानगीशिवाय करता येत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना तर वर्तणूक नियमांनुसार खासगी व्यवसायाला पूर्वपरवानगी लागते. पत्नीच्या नावावर दाखवून काम स्वतः करणं ही पळवाट अंगाशी येऊ शकते.

कोणाचं काम घ्यावं, कोणाचं नाही

ज्या धंद्यात एका गिऱ्हाइकामागे सुटणारा नफा जाहिरातीचा खर्च पेलतो, तो धंदा या कामाला योग्य. वरच्या क्लासला एक प्रवेश तीन हजारांवर पडला. हाच खर्च वडापावच्या गाडीला किंवा किराणा दुकानाला झेपणार नाही; त्यांना चौकातली जागा आणि उधारीची वही पुरते. फर्निचर, लग्नाचे हॉल, मेकअप, सोलर पॅनेल, फॅमिली ट्रिपा, नर्सरी शाळा यांचं गणित बसतं. रोजच्या खपाच्या वस्तूत पुन्हापुन्हा येणारं गिऱ्हाईक असेल, जसं डबा किंवा दूध, तरही बसतं.

हापूसचं उदाहरण बघण्यासारखं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आसपासच्या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि कोकणातले कितीतरी बागायतदार आता दलाल टाळून थेट पुण्या-मुंबईच्या घरांना पेट्या पाठवतात. त्यांच्या जाहिरातीत नुसतं ‘अस्सल देवगड’ लिहून भागत नाही, कारण तसं सगळेच लिहितात. डझनाचा दर, फळाचं वजन, पेटी घरी पोचल्यावर किती दिवसांनी पिकेल, कुठल्या पिनकोडला पोचवतो, डागी निघालं तर काय, ही पाच उत्तरं व्हिडिओतच दिली की व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा माणूस घ्यायच्या तयारीने येतो. सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा पुढे असते. बागेतून किती पेट्या निघणार हे रोज विचारून बजेट वरखाली करावं लागतं. अवकाळीत मोहोर गळला किंवा मेअखेरीस माल संपला आणि जाहिरात चालूच राहिली, तर पैसेही जातात आणि ‘संपला’ ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाचा पुढच्या वर्षीचा फोनही. पुण्यात बसून बाग न बघता हे काम करणाऱ्याला ते जड जातं. बागायतदाराच्या गावचा मुलगा ते सहज करतो.

काही कामं घेण्याआधी कायदा बघावा लागतो, कारण जाहिरातीचा मजकूर लिहिणारा हात आपला असतो. ‘निवडीची हमी’, ‘१०० टक्के निकाल’ असले दावे करायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कोचिंग क्लासना मनाई केली आहे, आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायला त्याची निवडीनंतर घेतलेली लेखी संमती लागते. लातूर असो की नांदेड, क्लासच्या दारावरचा फोटोंचा फ्लेक्स जसाच्या तसा इन्स्टावर टाकण्याआधी हे लक्षात हवं. बिल्डरच्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही असावा लागतो. नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढण्यावर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेची बंधनं आहेत. मधुमेह, वंध्यत्व ‘हमखास बरं’ करणाऱ्या वैदूंच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार कायद्यात अडकतात.

मेटाचे स्वतःचे नियमही आहेत. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असा थेट प्रश्न विचारणारी जाहिरात ती नाकारते, कारण वाचणाऱ्याची खासगी बाब आपल्याला ठाऊक असल्याचा भास त्यातून होतो. ‘मधुमेहींसाठी आहार सल्ला’ चालतं. वजन घटवण्याचे ‘आधी आणि नंतर’चे फोटो चालत नाहीत. निवडणुकीच्या काळात इच्छुकांचं काम येतं आणि पैसेही बरे मिळतात. पण राजकीय जाहिरातीला ओळख पडताळणी आणि पैसे कोणी दिले हे दाखवणं बंधनकारक आहे. वॉर्डातल्या एका गटाचा शिक्का बसला की दुसऱ्या गटातली दुकानं जातात, हा व्यवहाराचा भाग वेगळाच.

लीडमधून आलेल्या नावा-नंबरांची यादी ही आणखी एक जबाबदारी. क्लाससाठी आलेले नंबर विमा एजंटला विकणं सर्रास चालतं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर त्याकडे ‘चलता है’ म्हणून बघता येणार नाही, आणि गाव छोटं असेल तर कायद्याच्या आधी बदनामीच पोचते.

पुढे काय उरेल

२०२५ मध्ये एका मुलाखतीत मार्क झुकरबर्ग यांनी कंपनीची दिशा उघड सांगितली. धंदेवाल्याने काय हवंय ते सांगावं, बँक खातं जोडावं आणि बाकी सगळं, म्हणजे चित्र, मजकूर, गिऱ्हाईक शोधणं, मोजणं, यंत्रावर सोडावं. त्याची सुरुवात आधीच झाली आहे. अ‍ॅडव्हान्टेज प्लस नावाच्या सोयींत वय, आवडीनिवडी, जाहिरात फीडमध्ये दिसावी की रीलमध्ये, हे निर्णय यंत्र घेतं. ज्या ‘टार्गेटिंग’च्या युक्त्या कोर्समध्ये विकल्या जातात, त्यांची धार आधीच बोथट झाली आहे. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर मागोवा घेण्याआधी वापरणाऱ्याची परवानगी मागणं सक्तीचं केलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये मेटाने आरोग्य, धर्म, राजकारण यांसारखे संवेदनशील पर्याय काढून टाकले.

म्हणजे हा जोडधंदा संपला का? बटणं दाबण्यापुरता असेल तर संपत आला आहे, आणि ती फी आजही फुगवलेलीच आहे. पण नदीपलीकडची मुलं संध्याकाळच्या बॅचला येणार नाहीत, बागेत यंदा दोनशेच पेट्या निघतील, आषाढात या गावात सोनं कोणी घेत नाही, दुकानात बसणाऱ्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करता येत नाही म्हणून व्हॉइस मेसेजची सोय करावी लागेल, या गोष्टी यंत्राला कोणीतरी सांगाव्या लागतात. मालकाला तोंडावर ‘तुमचा माल चांगला आहे, फोन उचलत नाही म्हणून धंदा होत नाही’ असं सांगणारंही कोणीतरी लागतं. पूर्वी हे काम घरचा मुनीम करायचा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ओळखीच्या धंद्यातलं, जाऊन-येऊन बघता येईल इतक्या जवळचं एकच दुकान घ्यावं. पैसे थोडे घेतले तरी घ्यावेत. फुकट केलेल्या कामाला दुकानदार वेळ देत नाही. तीन महिने लीडऐवजी प्रवेश, पेट्या, बुकिंग मोजावीत आणि दर महिन्याला मालकापुढे खर्च आणि जमा असे दोनच आकडे ठेवावेत. दुकानदाराच्या बाजूने बघितलं तरी कसोटी हीच: जो पहिल्या भेटीत फॉलोअर किती वाढवून देईन ते सांगतो त्याला चहा पाजून निरोप द्यावा, आणि जो ‘फोन कोण उचलतं?’ असं विचारतो त्याला बसवून घ्यावं. हा प्रश्न विचारायची आणि त्याच्या उत्तराच्या मागे लागायची ज्याची तयारी आहे, त्याने दोन-तीन दुकानं खुशाल घ्यावीत. ज्याला नुसतं अ‍ॅड्स मॅनेजर येतं, त्याने वेळीच दुसरं काहीतरी शिकायला घ्यावं.